बोललो होतो, पण कशाच्या आधी?



आज व्याकरणावर लिहितोय. लगेच डिलीट करू नका. माझ्या एका चुकीच्या क्रियापदामुळे एका सज्जन माणसाची नोकरी धोक्यात आली होती, त्याची ही हकीकत आहे. आणि ती चूक मी मराठी असल्यामुळे झाली. अगदी अशीच चूक आपण सगळे इंग्रजीतही रोज करतो, फक्त तिथे कोणी बोलून दाखवत नाही.

तर झालं असं. २००६ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. माँट्रियालच्या बाहेर एका कारखान्यात मी मेंटेनन्सचा इंजिनियर होतो. क्वेबेकमध्ये १९७७ पासून कायद्यानेच कामाची भाषा फ्रेंच. हापिसात इंग्रजीवर थोडंफार निभतं, पण कारखान्याच्या फ्लोअरवर सगळा व्यवहार फ्रेंचमध्ये. मी संध्याकाळच्या वर्गात जाऊन दोन वर्षं फ्रेंच घोटलं होतं आणि त्या महिन्यात पहिल्यांदाच बिघाडाचा रिपोर्ट कोणाच्या मदतीशिवाय फ्रेंचमध्ये लिहिला होता. बायकोला फोन करून तसं सांगितलंही होतं. (ह. घ्या.)

घटना साधी होती. सकाळच्या पाळीत एक पंप सुरू केला, थोड्याच वेळात त्याचं सील गेलं, गळती झाली, पंप आपोआप ट्रिप झाला. ऑपरेटरने धावत जाऊन टाकीकडून येणारा सक्शनचा व्हॉल्व्ह बंद केला आणि गळती थांबवली. मी डोक्यात मराठीत वाक्यं जुळवली:

"पंप ६ वाजून ४० मिनिटांनी सुरू झाला. सील गळलं. पंप ट्रिप झाला. ऑपरेटरने व्हॉल्व्ह बंद केला होता."

आता सांगा, या मराठीत काही खटकतं का? मला खटकलं नाही. मला म्हणायचं होतं की बाबांनो, त्याने त्याचं काम चोख केलं होतं. मग मी शेवटचं वाक्य फ्रेंचमध्ये लिहिलं: "इलाव्हे फेर्मे ला व्हान." इल म्हणजे तो, आव्हे म्हणजे होता, फेर्मे म्हणजे बंद केलेला, ला व्हान म्हणजे व्हॉल्व्ह. शब्दाला शब्द बरोबर. स्पेलिंगही बरोबर. मी खूश.

ज्यांचा पंपाशी संबंध नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. पंपाच्या मेकॅनिकल सीलमध्ये दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर फिरतात. त्यांना थंड ठेवायचं आणि वंगणाचं काम पंपातलंच द्रव करतं. सक्शनचा व्हॉल्व्ह बंद असताना पंप चालवला तर तो कोरडा पळतो, चकत्या तापतात आणि सील जातं. म्हणजे व्हॉल्व्ह गळतीनंतर बंद केला असेल तर ऑपरेटर शाबासकीला पात्र. पंप सुरू करण्याआधीच बंद केला असेल तर सील घालवलं त्यानेच. सगळं प्रकरण एका "आधी" आणि "नंतर"वर.

आणि फ्रेंच माणसाने माझं वाक्य वाचलं ते असं: पंप सुरू झाला, सील गळलं, पंप ट्रिप झाला. कारण? ऑपरेटरने आधीच व्हॉल्व्ह बंद करून ठेवला होता!

सुपरवायझरने ऑपरेटरला बोलावून घेतलं. त्याच्या फाइलमध्ये शेरा मारायची तयारी झाली, युनियनचा प्रतिनिधी आला. २७ वर्षांची नोकरी, एकही डाग नाही, आणि हा प्रकार. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी तो स्वतः माझ्या टेबलाशी आला. हातात माझ्या रिपोर्टची प्रत. चिडलेला नव्हता, किंवा दाखवत नव्हता. खुर्ची ओढून बसला, "आव्हे" या शब्दावर बोट ठेवलं आणि दोनच शब्द विचारले: "आव्हाँ क्वा?"

आव्हाँ क्वा म्हणजे "कशाच्या आधी?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, कशाच्या आधी म्हणजे? आधी वगैरे काही नाही, तू व्हॉल्व्ह बंद केलास एवढंच मी लिहिलंय. तो म्हणाला, मग "आ" लिही, "आव्हे" का लिहिलंस? "इल आ फेर्मे" म्हणजे बंद केला. "इलाव्हे फेर्मे" म्हणजे त्याआधी बंद केला होता.

कंट्रोल रूमच्या नोंदी काढल्या. गळतीचा अलार्म ६:४३ ला, व्हॉल्व्ह बंद झाल्याची खूण ६:४६ ला. मी रिपोर्ट दुरुस्त केला, सुपरवायझरकडे जाऊन चूक माझी आहे असं सांगितलं, शेरा टळला. दुरुस्ती किती, तर एक शब्द. पण त्या दिवशी घरी जाताना पोटात गोळा होता तो काही लवकर गेला नाही.

असो. आता व्याकरणाकडे वळू, कारण गंमत पुढेच आहे.

या काळाचं फ्रेंच नाव "प्ल्युस्-क-पार्फे". शब्दशः "परफेक्टपेक्षाही जास्त". लॅटिनमधून आलेलं नाव आहे आणि इथे परफेक्ट म्हणजे निर्दोष नव्हे, तर पुरं झालेलं. जे पुरं झालंय त्याच्याही पलीकडे जाऊन पुरं झालेलं. शाळेत आपण याच्या जवळच्याच काळाला "पूर्ण भूतकाळ" म्हणायचो. आलो होतो, गेलो होतो, केलं होतं.

करायचं कसं? नियमित क्रियापद असेल तर अगदी सोपं. दोन तुकडे. पहिला तुकडा म्हणजे "असणे" किंवा "जवळ असणे" याचा भूतकाळ, दुसरा तुकडा म्हणजे मूळ क्रियापदाचं "केलेलं, बोललेलं" हे रूप. उदाहरण म्हणून "बोलणे" घेऊ. फ्रेंचमध्ये बोलणे म्हणजे "पार्ले", आणि बोललेलं म्हणजेही "पार्ले". स्पेलिंग वेगळं, उच्चार तोच. पार्ल्याची माणसं बोलकी का, हे कोडं मला माँट्रियालमध्ये सुटलं. :-)

मी बोललो होतो – ज्याव्हे पार्ले
तू बोलला होतास – त्यु आव्हे पार्ले
तो बोलला होता – इलाव्हे पार्ले
ती बोलली होती – एलाव्हे पार्ले
आम्ही बोललो होतो – नूझाव्हियों पार्ले
तुम्ही बोलला होता – व्हूझाव्हिये पार्ले
ते बोलले होते – इलझाव्हे पार्ले
त्या बोलल्या होत्या – एलझाव्हे पार्ले

(यातला "झ" झाडातला. आणि "आव्हे"मधला ए थोडा उघडा, "कॅट"मधल्या ॲकडे झुकणारा, तर "पार्ले"मधला ए आपल्या "केले"मधल्यासारखा. आमच्या बाई यावरून फार ओरडायच्या.)

नीट बघा. "पार्ले" आठही ओळींत तसाच आहे. बदलतो तो फक्त पहिला तुकडा, आणि तोही कानाला तीनच प्रकारचा: आव्हे, आव्हियों, आव्हिये. कागदावर मात्र पाच प्रकार. मी आणि तूला शेवटी "एस", तो आणि तीला "टी", ते आणि त्याला "ई-एन-टी", आणि या शेपट्यांतली एकही उच्चारायची नाही. एकवचनी "तो" आणि अनेकवचनी "ते" यांतला फरक ऐकू येतो तो फक्त मधल्या "झ"मुळे: इलाव्हे, इलझाव्हे. डिक्टेशनमध्ये फ्रेंच पोरं रडतात ती उगीच नाही.

दुसरा तुकडा बनवायची रीत तीन ओळींची. मूळ रूपाच्या शेवटी "ई-आर" असेल तर त्याचा एक आघातवाला "ए" होतो, पार्ले तसा. "फिनीर" म्हणजे संपवणे, अशा "ईर"वाल्यांचा नुसता "ई" राहतो: ज्याव्हे फिनी, मी संपवलं होतं. "व्हाँद्र" म्हणजे विकणे, अशांचा "यु" होतो: ज्याव्हे व्हाँद्यु, मी विकलं होतं. बहुसंख्य क्रियापदं पहिल्या प्रकारातली, आणि नवीन येणारी जवळजवळ सगळीच त्यात जातात. क्वेबेकमध्ये इंटरनेटवर गप्पा मारण्याला "क्लाव्हार्दे" म्हणतात. "क्लाव्हिये" म्हणजे कीबोर्ड आणि "बाव्हार्दे" म्हणजे गप्पा छाटणे, यांचा जोडशब्द. शब्द नवा, पण चालवायचा जुन्याच रस्त्याने: ज्याव्हे क्लाव्हार्दे. अनियमित क्रियापदांचं दुसरं रूप मात्र पाठ करायचं, त्याला इलाज नाही.

इथवर इंग्रजीवाल्याला आणि आपल्याला सारखेच कष्ट. पुढे मात्र मराठी माणसाला देवाने एक सवलत दिलेली आहे, आणि ती वर्गात कोणी सांगत नाही, कारण शिकवणाऱ्याला मराठी येत नाही.

काही क्रियापदांना "आव्हे" चालत नाही, "एते" लागतं. पोचणे, आत येणे, राहणे, पडणे, वर जाणे, जन्मणे, मरणे, अशी जाण्यायेण्याची आणि स्थिती बदलण्याची मोजकी क्रियापदं. तो पोचला होता: "इलेते आरिव्हे." आणि इथे दुसरा तुकडा कर्त्याप्रमाणे बदलतो. तो, ती, ते, त्या यांची लिहिण्यात चार रूपं. वर्गातल्या चिनी आणि इंग्रज मंडळींनी डोक्याला हात लावला. क्रियापदाला कसलं आलंय लिंग? मी मनात म्हटलं, अहो, आला होता, आली होती, आले होते, आल्या होत्या! आमच्याकडे दीड वर्षाचं पोर न चुकता बोलतं. उलट आमचं सोपं, कारण आम्हाला ते ऐकू येतं. फ्रेंचमध्ये या नियमित क्रियापदांची चारही रूपं कानाला एकच.

याहून मोठी गंमत "आव्हे"वाल्या क्रियापदांत. तिथे दुसरा तुकडा कर्त्याप्रमाणे बदलत नाही. पण कर्म आधी येऊन गेलं असेल, तर त्या कर्माप्रमाणे बदलतो! "त्याने व्हॉल्व्ह बंद केला होता" यात व्हान हा स्त्रीलिंगी शब्द नंतर येतो, म्हणून बदल नाही. पण "त्याने बंद केलेला तो व्हॉल्व्ह" अशा घाटणीत व्हान आधी येतो, म्हणून "फेर्मे"ला शेवटी आणखी एक मुका "ई" लावायचा. सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने इटालियनच्या धर्तीवर हा नियम पद्यातून सांगितला आणि तेव्हापासून फ्रेंच शाळांमध्ये तो पोरांच्या मानगुटीवर बसलाय. सप्टेंबर २०१८ मध्ये बेल्जियममधल्या दोन माजी शिक्षकांनी हा नियम सोडून द्या असं जाहीरपणे सुचवलं, तेव्हा फ्रान्समध्ये भाषा बुडाल्यासारखी चर्चा झाली. नियम अजूनही शिकवतात.

आता आपल्याकडे बघा. त्याने पडदा लावला होता. त्याने खिडकी लावली होती. त्याने दार लावलं होतं. कर्ता तोच, पण क्रियापद कर्मामागे धावतंय. आपला कर्मणी प्रयोग! आपण तर कर्म आधी आहे की नंतर हेही बघत नाही. जो नियम फ्रेंच माणसाला मोठेपणीही अडखळवतो, त्याचा निम्मा भाग आपल्या हाडात आहे. मी तर एक ठोकताळाच केला: मराठीत कर्त्याला "ने" लागत असेल तर फ्रेंचमध्ये "एते" सहसा येणार नाही. "तो वर चढला होता" याला एते, "त्याने बॅग वर नेली होती" याला आव्हे, आणि फ्रेंचमध्ये दोन्हीकडे क्रियापद एकच, "माँते". ठोकताळा उलटा वापरू नका मात्र. बोलण्याला मराठीत "ने" नाही, तरी फ्रेंचमध्ये आव्हेच. "त्याने प्रवेश केला होता" असं जोडक्रियापद घेतलंत तरी फसाल. आणि स्वतःच स्वतःला धुणे, उठवणे अशी फ्रेंचमधली आत्मवाचक क्रियापदं एतेवालीच, तिथे आपला "ने" उपयोगाचा नाही. पण बाकी ठिकाणी मला याने पुष्कळ तारलं.

म्हणजे रूप बनवण्यात मराठी माणूस पहिल्या बाकावर. मग गाडी अडली कुठे? वापरण्यात.

आपल्या मराठीत "आला", "आलाय" आणि "आला होता" असे तीन प्रकार रोज तोंडात असतात. "सदू आला" म्हणजे आत्ताच घटना घडली. "सदू आलाय" म्हणजे तो इथे आहे, चहा टाका. "सदू आला होता" म्हणजे आला आणि गेला, प्रकरण मिटलं. या तिसऱ्यासाठी दुसरी कुठली घटना लागत नाही. "मी १९९८ साली लंडनला गेलो होतो." कशाच्या आधी? कशाच्याच नाही. गेलो आणि परत आलो, एवढंच. उलट "मी १९९८ साली लंडनला गेलो" असं म्हणून थांबलात तर समोरचा वाट बघत राहील, बरं मग, पुढे काय झालं? आपला "होता" घटनेला आजपासून दूर सारतो. ती संपली, तिचा हिशेब झाला, असं सांगतो. कधी तो ठासून सांगायलाही येतो: "मी दार लावलं होतं हं!" माझ्या रिपोर्टातला "होता" हा असाच होता.

फ्रेंचला आजपासूनच्या अंतराशी देणंघेणं नाही. शंभर वर्षांपूर्वीची घटना असो की सकाळची, ती एकटी असेल तर "पासे कोंपोझे", म्हणजे साधं "इल आ फेर्मे". "आव्हे" कधी? भूतकाळातच एक खुंटी ठोकलेली असेल आणि तुम्हाला तिच्याही मागचं सांगायचं असेल तेव्हा. खुंटी नसेल तर वाचणारा ती शोधतो, आणि नाही सापडली तर जवळात जवळचं वाक्य पकडतो. सुपरवायझरने तेच केलं. त्याने माझं वाक्य चुकीचं वाचलं नाही. मी जे लिहिलं तेच वाचलं.

आपलं इंग्रजीही याच सवयीने जातं. "आय हॅड गॉन टु गोवा लास्ट वीक" असं आपण म्हणतो आणि गोरा माणूस नम्रपणे पुढच्या वाक्याची वाट बघतो. आपल्याला वाटतं, त्याला गोव्यात रस आहे.

माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती, इथल्या नियमाप्रमाणे फ्रेंच शाळेत. त्या रात्री जेवताना मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तू रेघ काढत नाहीस का? आमच्या टीचर काढायला लावतात." तिने बिलाच्या पाठीमागे एक आडवी रेघ काढली. उजव्या टोकाला "आत्ता". थोडं डावीकडे एक फुली, ती गोष्टीतली मुख्य घटना. तिच्याही डावीकडे दुसरी फुली. "या डावीकडच्या फुलीला आव्हे. पहिली फुलीच नसेल तर दुसरी कुठून आणणार?" दोन वर्षं संध्याकाळचे वर्ग करून मला जे कळलं नव्हतं, ते तिने भात कालवता कालवता सांगितलं.

तेव्हापासून कुठल्याही "होता"वर मी त्या ऑपरेटरचा प्रश्न टाकतो. तुम्हीही टाकून बघा.

"काल तुमचा फोन आला होता." कशाच्या आधी? उत्तर नाही. मग पासे कोंपोझे.

"गेल्या वर्षी आम्ही पुण्यात घर घेतलं होतं." पुढे काही नसेल तर पासे कोंपोझे. "आई आजारी पडली त्याआधीच आम्ही घर घेतलं होतं", तर मात्र आव्हे.

"मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती." कशाच्या आधी? मी पोचायच्या आधी. इथे फ्रेंच आणि मराठी हातात हात घालून चालतात.

"मी तुला सांगितलं होतं!" हे बायकोने म्हटलेलं वाक्य फ्रेंचमध्येही जसंच्या तसं याच काळात येतं. कशाच्या आधी? तुम्ही माती खाल्लीत त्याच्या आधी. खुंटी उच्चारलेली नसते, पण दोघांनाही ती माहीत असते. हा प्रकार जगात सगळीकडे सारखाच असावा.

एक शेवटचा खाचखळगा सांगतो आणि थांबतो. "त्याने व्हॉल्व्ह बंद केला असता तर..." अशा न घडलेल्या गोष्टींना आपण दोन्हीकडे "असता" लावतो: केला असता तर वाचलं असतं. फ्रेंचमध्ये "जर"च्या बाजूला हाच प्ल्युस्-क-पार्फे येतो, "सी" लावून: "सीलाव्हे फेर्मे...". "असतं"चं रूप फक्त दुसऱ्या बाजूला. आपल्या सवयीने दोन्हीकडे "असतं" घातलंत की शाळकरी पोरंही हसतात, कारण "सी"ला ते रूप चालत नाही हे त्यांना लहानपणीच घोटवून घेतलेलं असतं. मला आधी हे विचित्र वाटायचं. घडून गेलेल्या गोष्टीचा काळ न घडलेल्या गोष्टीला कसा? मग वाटलं, बरोबर आहे. पश्चात्ताप नेहमी दोन पावलं मागे जाऊनच करावा लागतो.

मॉरिशसच्या सभासदांना यातलं बरंचसं शाळेपासून ठाऊक असेल. काही चुकलं असेल तर त्यांनी जरूर कान धरावा. पण जिनेव्हा, पॅरिस, माँट्रियालकडे निघालेल्या नवीन मंडळींना एवढंच सांगतो. रूपं पाठ होतील, ती आठवड्याभराची गोष्ट आहे. लिहिताना मात्र आपलं मराठी मन "होता" म्हणेल तिथे जरा थांबा. विशेषतः त्या वाक्यात दुसऱ्या कोणाचं नाव असेल तर.

तो ऑपरेटर पुढे चार वर्षांनी निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी मी त्याला एक कार्ड दिलं आणि आत फ्रेंचमध्ये एकच ओळ लिहिली: "सी ज्य व्हूझाव्हे दमाँदे...". म्हणजे, मी तुम्हाला विचारलं असतं तर. रिपोर्ट लिहायच्या आधी त्याच्याकडे दोन मिनिटं जाऊन विचारलं असतं, तर व्याकरण चुकलं असतं तरी माणूस वाचला असता. त्याने कार्ड वाचलं, "आव्हे"वर बोट ठेवलं, आणि मान डोलावली. या वेळी बरोबर होतं.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

माँट्रियालहून, तुमचाच एक सभासद